बंद दाराचे बारा डाव

सकाळी साडेपाचला शिट्टी वाजली की लुआन घराण्याच्या तालमीतली साठ पोरं ताडकन उठून उभी राहतात. तोंड धुवायला तीन मिनिटं. मग डोंगराच्या पाचशे बारा पायऱ्या पळत चढायच्या, आणि उतरायच्या त्या पायांनी नव्हे, हातांवर, डोकं खाली आणि पाठ वर करून. थंडीत पायऱ्यांवर बर्फाचा पापुद्रा धरतो. नव्या पोरांचे तळहात पहिल्या आठवड्यातच सोलवटतात. खाली आल्यावर मुलं ओट्यावर पाय पसरून अर्धा तास पडतात. एकोणीस मुली मात्र तशाच सोललेल्या हातांनी स्वयंपाकघरात शिरतात, राळ्याची पेज ढवळतात, वाफवलेल्या पावांचे करंडे उतरवतात आणि मुळ्याचं लोणचं कापतात. या एकोणीस जणींचे आईबाप मुलांच्या आईबापांएवढीच फी भरतात. मी या शाळेत एकोणीस वर्षं दुपारचा भाषेचा तास घेतला, पण या अर्ध्या तासाबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही. नोकरी टिकवायची तर मूग गिळून बसावं लागतं, अशी माझी समजूत होती.

त्या शरदातल्या एका सकाळी आवारात बैठकीचा तास चालला होता. पाय फाकवून गुडघे वाकवायचे, मांड्या जमिनीला समांतर धरायच्या, आणि दोन्ही मांड्यांवर पाण्याची एकेक वाटी. उदबत्ती संपेपर्यंत हलायचं नाही. पाणी सांडलं की नवी उदबत्ती. तेरा वर्षांच्या झाओदीची वाटी तिसऱ्यांदा कलंडली आणि तिच्या पोटरीवर वेताची छडी बसली.

"ताई, माझ्या मांड्याच उतरत्या आहेत गं," ती शेजारच्या सूयुनला कुजबुजली.

"मांड्या नाहीत, लक्ष उतरतं आहे. पेजेचा वास आला की तुझी मान तिकडे वळते."

"भूक लागली तर काय करू?"

"वाटीतलं पाणी पी. सांडणार नाही आणि पोटही भरेल."

झाओदी फिस्सकन हसली आणि चौथ्यांदा पाणी सांडलं. या पोरीच्या नावाचा अर्थ 'भावाला बोलावून आण' असा आहे. आमच्या खोऱ्यात मुलगा हवा असताना मुलगी झाली की असली नावं ठेवतात. दर वर्षी हजेरीपटावर दोन-तीन झाओदी असतातच.

पेइ सूयुन एकोणीस वर्षांची होती. तीन वर्षांपूर्वी खालच्या गावातून एक पत्र्याची पेटी घेऊन आली होती. कामाला वाघ, बोलायला कमी. तिच्यासारखा पाय तालमीत दुसऱ्या कुणाचा पडत नसे. ती मातीवर चालली तर टाचेचा ठसा उमटायचा नाही, फक्त चवड्याचा. तालमीचा मुख्य लुआन बाओशान, ज्याला सगळे शिफू, म्हणजे गुरुजी, म्हणत, तो चहाचा पेला हातात धरून तिचे पाय बघत बसायचा. आयुष्यभर मी त्याला अहो-जाहो केलं. इथे करणार नाही.

आता या घराण्याची रीत सांगतो, कारण सगळं तिच्यापायीच घडलं. लुआनांच्या विद्येचे बाहेरचे डाव कुणालाही शिकवतात. शेवटचे बारा डाव मात्र मागच्या दालनात दाराला अडसर लावून शिकवतात आणि ते फक्त मुलाला. मुलीला नाही. लग्न झालेली मुलगी म्हणजे अंगणात सांडलेलं पाणी. ती विद्या सासरी नेईल, आपली मूठ परक्याच्या घरात उघडेल. गंमत अशी की सुनेला शिकवलेलं चालतं. सून घरात येते, तिच्या पोटी घरचा वारस येतो. म्हणजे पोटच्या पोरीपेक्षा परक्याची पोर भरवशाची! हे ऐकून कुणाला हसू आलं तर जरूर हसावं. तालमीच्या भिंतीवर हा नियम मीच मोठ्या अक्षरात लिहिलाय. माझं अक्षर चांगलं, म्हणून दालनाबाहेरचा वंशावळीचा फळा मीच रंगवला. त्यात अकरा पिढ्यांचे बाप आणि मुलगे आहेत. बाओशानला एक बहीण होती हे मला ठाऊक होतं. तिचं नाव कुठे घालू, असं मी विचारलं नाही.

तिचं नाव लुआन गुइफन. दालनातल्या जमिनीवर चाळलेली बारीक माती पसरलेली असे. बाप आणि भाऊ तालीम करून बाहेर पडले की झाडून ती माती पुन्हा सारखी करण्याचं काम गुइफनचं होतं. केरसुणी फिरवण्याआधी ती रोज त्या ठशांत आपली पावलं ठेवून बघायची. अकराव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत तिने असं केलं. हात तिने कधी पाहिले नाहीत, पण बाराही डावांचे पाय तिच्या पायांत मुरले.

विसाव्या वर्षी एकदा ती केरसुणी घेऊन दाराशी उभी होती आणि बाओशानचा सातवा डाव बापासमोर तीनदा फसला. तिच्याने राहवलं नाही.

"दादा, पाय आधी आत टाक. मग हात," ती म्हणाली.

बाप चमकला. "तुला काय ठाऊक?"

तिने टाकून दाखवला. बाओशान चिडून अंगावर आला आणि पुढच्याच क्षणी मातीत उताणा पडला. उठला तो दात-ओठ खाऊन. बारावा डाव म्हणजे मनगटाची कैची. तो त्याने बहिणीच्या उजव्या हातावर घातला आणि हाड वाजेपर्यंत सोडला नाही. बाप स्टुलावर बसून होता. तो म्हणाला, "बरं झालं. हात परक्या घरी जायचा आहे. आपलं काही त्यात जायला नको."

लुआन लोक हाडं बसवण्यात वाकबगार आहेत. गाढवाचा पायसुद्धा ते बसवून देतात. घरच्या मुलीचं मनगट मात्र कुणी बसवलं नाही. पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांपुढे तिच्याकडून शपथ घेतली, की सासरी ही विद्या ना करीन, ना दाखवीन. दोन महिन्यांत पेइ आडनावाच्या एका भल्या, गरीब माणसाशी लग्न लावून तिला खाली धाडली. मूल महिन्याचं झाल्यावर तिने रिवाजाप्रमाणे मेजवानीची लाल रंगवलेली अंडी माहेरी पाठवली. उत्तरही आलं नाही.

ते मूल म्हणजे सूयुन. बाओशानने बहिणीला असं काही पुसून टाकलं होतं की भाची तीन वर्षं डोळ्यांपुढे पळत होती, तरी त्याला पत्ता नव्हता. पेइ आडनाव त्या खोऱ्यात शेकड्यांनी सापडतं. मेहुण्याचं आडनाव त्याच्या लक्षात असतं तर कदाचित त्याने विचारलं असतं.

गुइफन गावात वाफवलेल्या पावांचं दुकान चालवते. वाकड्या मनगटाने कणीक मळता येत नाही, म्हणून कोपराने मळते. मुलीला तिने पाचव्या वर्षापासून दुकानामागच्या अंगणात पाय शिकवले, आणि सोळाव्या वर्षी तालमीत धाडताना एवढंच सांगितलं, "हातांचे बारा डाव घेऊन ये. आणि येताना त्याचं मनगट मोडून ये. उजवं." सूयुन तीन वर्षं रोज सकाळी त्या पायऱ्यांवरून उलटी उतरली ती हेच मनात धरून.

एके दिवशी दुपारी बाओशानने तिला चहाला बोलावलं. मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत होतो. भिंत पातळ होती, म्हणून सगळं ऐकू आलं.

"सूयुन, तुझ्या पायात जे आहे ते मी शिकवलेलं नाही. कुठून आणलंस?"

"पायऱ्यांवरून, शिफू."

तो खदखदून हसला. "बरं, पायऱ्यांवरून तर पायऱ्यांवरून. सरळ बोलतो. आमच्या देक्वानशी लग्न कर. आत्ता नुसता चहा देऊन ठरवू, लग्न दोन वर्षांनी. चहा झाला की उद्यापासून दालनाचं दार तुला उघडं."

"मुलींना चालत नाही ना?"

"मुलीला चालत नाही. सुनेला चालतं. मुलगी जाते, सून येते. एवढं साधं आहे."

"शिफूंना मुलगी असती तर?"

"नाही, ते बरंच आहे."

"आईला विचारून सांगते," ती म्हणाली.

पोरांना घरी फोन करायला रविवारी दहा मिनिटं मिळतात. सूयुनने आईला सगळं सांगितलं. तिकडून आधी हसू ऐकू आलं. आईला असं हसताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

"सून करून घेतोय? माझ्या पोरीला? हो म्हण. लगेच हो म्हण."

"आई, देक्वान मामेभाऊ आहे माझा. कायद्याने चालत नाही."

"लग्न कोण लावतंय? दार उघडतंय ना! आत शीर. बाकीचं मी सांगितलंय ते विसरू नकोस."

देक्वान चोवीस वर्षांचा, गुबगुबीत, फोनमध्ये बुडालेला. शहरात मोबाइलचं दुकान टाकायचं एवढंच त्याचं स्वप्न होतं. चहा झाला त्या दिवशी विहिरीपाशी त्याने सूयुनला गाठलं.

"हे बघ, रागावू नकोस. बाबांना सून नकोय, पाय हवेत. माझे गुडघे कामातून गेलेत, म्हणून तुझे मागतायत. तू पळून जायचं म्हणालीस तर फाटक मी उघडतो."

"मला शिकायचंय."

"शीक बाई. मला मात्र शिकायला लावू नकोस."

पुढचे तीन आठवडे पहाटेच्या पायऱ्या, बैठक, पेज, कपडे धुणं, माझा भाषेचा तास हे सगळं होतंच, आणि वर दोन तास दालनात. अडसर पडायचा आणि बाओशान एकेक डाव उलगडायचा. त्याचे हात अजूनही अप्रतिम होते, हे मान्य करायला हवं. पाय मात्र पार बिघडले होते. पोट सुटलं होतं, गुडघे सुजायचे. सातव्या डावाला तो पाय आत टाकायचा विसरायचा आणि पकड सुटायची.

"आजोबांच्या वेळचा जोर आता विद्येत राहिला नाही," तो सुस्कारा टाकून म्हणायचा. त्याची चूक दाखवू शकेल अशी एकच बाई जगात होती, आणि तिचं मनगट त्याने स्वतःच मोडलं होतं. त्याचे हात आणि आईचे पाय, दोन्ही एकत्र झाल्यावर डाव कसा बसतो हे सूयुनला पहिल्या दिवशीच कळलं. तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. वीस दिवस ती मुद्दाम पाय चुकवत राहिली.

नवव्या महिन्यातल्या नवमीला तालमीचा सण असतो. आवारात जुने शिष्य आले होते, पालक आले होते, गच्चीवर मक्याची कणसं वाळत होती. मुली चहाचे ट्रे फिरवत होत्या. रिवाज असा की नव्या वारसाने दालनात दार लावून बाराही डाव गुरूच्याच अंगावर करायचे. आत घरची माणसं आणि लिहायला मी. बाकीच्यांनी बाहेर बसून नुसता पावलांचा आवाज ऐकायचा.

सूयुनने नमस्कार केला आणि सुरुवात केली. सहा डाव रीतीप्रमाणे गेले. सातव्याला तिने पाय आत टाकला आणि बाओशान मातीवर पालथा पडला. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंदच होता.

"हे... हे तर बाबांसारखं!"

"बाबांसारखं नाही. उठा," सूयुन म्हणाली.

आठ, नऊ, दहा, अकरा. प्रत्येक डावाला तो आपटत होता. बाराव्याला त्याचं उजवं मनगट तिच्या कैचीत होतं आणि त्याचा गाल मातीला टेकला होता.

"सातव्या डावाला आधी पाय, मग हात," ती म्हणाली. "हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? नाव घ्या तिचं."

बाओशानने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला ती दिसली असावी.

"गुइफनची..."

"लेक. लाल अंडी पोचली होती ना, मामा?"

देक्वान भिंतीला टेकून उभा होता. "म्हणजे आपलं लग्न नाही? सरकारी कचेरीत नोंदच करणार नाहीत! सुटलो!" तो म्हणाला. त्या प्रसंगीसुद्धा मला हसू आलं.

सूयुनच्या हाताच्या शिरा तटतटल्या होत्या. मला वाटलं, आता हाड वाजणार. खरं सांगू? वाजावं असंच मला वाटत होतं. आणि मग बाओशान एकदम शांत झाला. त्याने डोळे मिटले.

"मोड," तो म्हणाला. "तुझा हक्क आहे. मी केलं, तू फेड. घराण्यात असं होतं. निदान विद्या घरातच राहिली."

त्याच्या तोंडावर जवळजवळ समाधान होतं. सूयुनने ते पाहिलं. मोडलेलं मनगट तो मिरवणार होता. भाचीने रक्ताचा सूड उगवला, लुआनांचं रक्त ते, असं सांगत फिरणार होता. तिने कैची सोडली, उठली आणि दाराकडे गेली.

"कुठे चाललीस?"

तिने अडसराला हात घातला.

"सूयुन! दार नको!" तो गुडघ्यांवर सरपटत आला. "हात मोड माझा. दोन्ही मोड. पण हे बाहेर दाखवू नकोस. अकरा पिढ्या... पोरी, पाया पडतो तुझ्या!"

"माझी आई पाया पडली होती?"

त्याने तिचा पाय धरला.

"पडली असती तरी हाड बसवलं नसतंत," ती म्हणाली आणि तिने अडसर काढून अंगणात फेकला.

बाहेर दीडशे माणसं होती. तिने झाओदीच्या हातातला ट्रे काढून खाली ठेवला आणि तिला मध्ये उभं केलं. "घाबरू नकोस, हळूच पाडते," असं म्हणून तिने पहिला डाव केला, थांबली, पुन्हा केला. पाय कुठे, हात कुठे, वजन कशावर, हे तिने खणखणीत आवाजात सांगितलं. मग दुसरा डाव. स्वयंपाकघरातल्या मुली हात पुसत बाहेर आल्या आणि जिथे उभ्या होत्या तिथेच पाय टाकून बघू लागल्या. दोन जुने शिष्य तिला अडवायला पुढे झाले. त्यातल्या एकाला तिने नववा डाव त्याच्याच अंगावर शिकवला, दुसरा आपणहून बसला. बाओशान मध्ये येऊन पडत होता, लोकांचे डोळे झाकू बघत होता, "बघू नका, बघू नका" म्हणत होता. दीडशे जणांचे डोळे दोन हातांनी कसे झाकणार? देक्वान दालनाच्या पायरीवर निवांत बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत फोनमध्ये चित्रण करत होता.

बारावा डाव संपल्यावर सूयुन पेटी उचलून गावाकडे उतरू लागली. तिच्यामागे झाओदी निघाली आणि तिच्यामागे आणखी पाच जणी. मीही निघालो. त्या फळ्यावरची अक्षरं माझी होती, म्हणून जाताना रंगाचा डबा घेतला आणि बाओशानच्या नावाशेजारी मोठ्या अक्षरात 'लुआन गुइफन' असं लिहिलं. ते दुसऱ्या दिवशी पुसलं गेलं. त्याआधी त्याचाही फोटो निघाला होता.

गुइफनने त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं. लेक दारात दिसताच तिने विचारलं, "मोडलंस?"

"नाही."

गुइफन आत निघून गेली. दोन दिवस ती लेकीशी बोलली नाही. सूयुन कणीक मळायची, आई कोपराने बाजूला सारायची. आईची निराशा खोटी नव्हती. बावीस वर्षं तिने एका आवाजाची वाट पाहिली होती आणि तो आलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांच्या फोनवरून ते चित्रण गुइफनपर्यंत पोचलं. तोवर ते सगळ्या प्रांतात फिरलं होतं. कुठल्याशा गावात पोरी शाळेच्या मैदानावर सातवा डाव घोटत होत्या. गुइफनने चित्रण पाहिलं. लेकीचे डाव तिने एकदाच पाहिले. मग ती कोपऱ्यातल्या माणसाकडे बघत राहिली, जो धुळीत बसून लहान पोरासारखा रडत होता. तेवढाच तुकडा तिने पुन्हा लावला, आणखी एकदा लावला. किती वेळा ते मी मोजलं नाही. पावांची वाफ थंड झाली तरी ती हलली नाही.

शेवटी तिने फोन परत दिला आणि लेकीला म्हणाली, "मनगट काय, संध्याकाळपर्यंत घरातच कुणीतरी बसवलं असतं. हे नाही बसवता यायचं त्यांना."

मग लेकीला तिने पोटभर जेवायला घातलं.

आता दुकानामागच्या अंगणात रोज दुपारी वर्ग भरतो. पाय गुइफन शिकवते, हात सूयुन. मी नोकरी सोडली. मी नुसती पावलांची चित्रं काढून देतो, कुणीही घेऊन जावीत अशी. परवा वरच्या वाडीतला एक माणूस आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. दाराशी घुटमळला.

"एक विचारायचं होतं, मावशी. आधी सांगितलेलं बरं. ही पोरगी. उद्या लग्न होईल, सासरी जाईल. तिकडे जाऊन ही विद्या त्यांच्या पोरींना दाखवेल. मग तुमचं काय राहील?"

गुइफनने पिठाचा हात झटकला आणि मुलीला आत ओढलं.

"तेवढ्यासाठीच तर शिकवतेय," ती म्हणाली.